आईच्या तारखेची ईद

२००८च्या फेब्रुवारीत, एका बुधवारी दुपारी, जुलेखा मुकादम शिकागोहून मुंबईला जाणाऱ्या विमानात बसल्या. वय एकोणपन्नास. बरोबर दोन बॅगा, सहा आठवड्यांनंतरचं परतीचं तिकीट आणि मुदत संपलेल्या व्हिसाचा पासपोर्ट. त्यानंतर त्या शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्ग गावात दिसलेल्या नाहीत.

मी त्यांना सहा वर्षं ओळखत होते. त्याआधी मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००१च्या अखेरीस इकडे आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना काम करायची परवानगी नसते. मला नव्हती, माझ्याआधी वर्षभर आलेल्या जुलेखाबाईंनाही नव्हती. आम्ही एकाच इमारतीत राहायचो, मी तळमजल्यावर, त्या दुसऱ्या मजल्यावर. त्या बर्फात गाडी चालवायला घाबरायच्या, म्हणून दर रविवारी मी त्यांना मराठी शाळेत सोडायचे. माझी मुलगी ईशा त्यांच्याच वर्गात होती.

त्या दापोलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातल्या. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चौदा वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. घरची बोली कोकणी मुसलमानांची, शाळेची मराठी बिनचूक. अंगात साधा सलवार-कमीज, डोक्यावर दोन टाचण्यांनी पक्की केलेली ओढणी, आणि हिवाळ्यात त्या ओढणीवर नवऱ्याची करड्या लोकरीची टोपी. ती टोपी घालून त्या वर्गात यायच्या आणि हजेरी होईपर्यंत काढायच्या नाहीत.

त्यांना शाळेत घ्यायचं ठरलं ती बैठक २००२च्या उन्हाळ्यात गोखले काकांच्या तळघरात झाली. गोखले काका शाळेचे व्यवस्थापक. मी टिपणं घ्यायला होते. सात पालक होते. एका पालकाने फार जपून विचारलं, "म्हणजे, तुमचं मराठी... घरी बोलता ना?"

"घरी बोलते, बाजारात बोलते, भांडते पण मराठीतच," बाई म्हणाल्या. "नवऱ्याला विचारा."

नवरा इक्बाल मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी हात वर केला. लोक हसले.

मग दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, "आणि मुलांना श्लोक वगैरे कोण शिकवणार?"

"ते ज्याचे त्याने घरी शिकवावेत. तुमच्या घरी तुमच्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार? मी जोडाक्षरं शिकवते. जोडाक्षरं आली की श्लोक आपोआप नीट म्हणतील."

त्यावर मतदान झालं नाही. गोखले काकांनी चहा मागवला आणि रविवारपासून यायला सांगितलं.

शाळा एका सार्वजनिक सभागृहाच्या भाड्याच्या खोलीत भरायची, दहा ते साडेबारा. हिवाळ्यात दुपारच्या नमाजाची वेळ शाळेतच व्हायची. बाई मधल्या सुट्टीत कोट ठेवायच्या खोलीत जायच्या, दुहेरी घडीची चादर अंथरायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मुलं त्याला 'बाईंची पाच मिनिटं' म्हणायची. शिकागोहून मक्केची दिशा ईशान्येला येते आणि त्या खोलीला त्या बाजूला पार्किंगकडे उघडणारी एक खिडकी होती. एकदा एका मुलीने घरी जाऊन सांगितलं की बाई पार्किंग लॉटला नमस्कार करतात. तिची आई माफी मागायला आली, अगदी लाल होऊन.

"अहो, असू दे," बाई म्हणाल्या. "तो बर्फ काढणारा गाडीवाला दर रविवारी मला हात करतो. त्याचाही तोच समज आहे."

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक मुलाने भारतातल्या आजीला किंवा आजोबांना पत्र लिहायचं. कागदावर, शाईने. चूक झाली तर खोडायची नाही, बाजूला बरोबर शब्द लिहायचा. आणि 'मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात' हे लिहायला बंदी. पत्रात एक तरी गोष्ट अशी हवी की जी खरी आहे आणि आजीला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही.

ईशाने आठव्या वर्षी लिहिलं, 'आजी, तू पाठवलेला फ्रॉक टोचतो, म्हणून मी घालत नाही.' माझ्या सासूबाई पंधरा दिवस फोनवर आल्या नाहीत. मी बाईंकडे तक्रार केली. त्या ऐकून घेत भाजी चिरत राहिल्या. महिन्याभराने सोलापूरहून मऊ सुती फ्रॉक आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ मंजिरी. खोटं लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी पण टोचणाराच आला असता."

रविवारी सकाळी मी साडेआठला त्यांच्याकडे वर जायचे. चहा तिथे व्हायचा आणि नऊ-सव्वानऊला आम्ही निघायचो. त्या वेळी गावाकडे रात्रीचे आठ वाजलेले असत आणि बाई आईला फोन करत असत. आई गावच्या घरी एकटी राहायची. भाऊ आखातात होता. घराचा बाकी कारभार शेजारची एक बाई बघायची. स्वयंपाकघर लहान होतं, आई मोठ्याने बोलायची, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू यायच्या. आधी मासळी. खाडीत काय लागलं, कोणी आणून दिलं, कशाचं कालवण केलं. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "त्यात त्रिफळं घातलीस का?" मग गावातली लग्नं, आजारपणं, आंब्याचा मोहोर. शेवटी आईचा प्रश्न ठरलेला.

"कधी येशील गो?"

"रजा मिळाली की येते, आई."

बाईंना नोकरी नव्हती. शाळेचं काम बिनपगारी होतं. रजेचा प्रश्नच नव्हता. पहिल्या वेळी मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेच उत्तर मी त्यानंतर सहा वर्षं ऐकलं.

खरं कारण असं होतं. इक्बाल आणि माझे यजमान यांनी ग्रीन कार्डाचे अर्ज एकाच वर्षी केले. आमचं काम दीड वर्षात झालं. मुकादमांचा अर्ज २००१च्या हल्ल्यांनंतर कडक झालेल्या नावांच्या तपासणीत थांबला. चौकशी केली की एकच छापील उत्तर यायचं, तपासणी चालू आहे. दरम्यान पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली. अमेरिकेत राहायला अडचण नव्हती, पण बाहेर गेलं तर परत येण्याआधी मुंबईत नवा शिक्का घ्यावा लागणार होता, आणि तिथेही नावाची तपासणी होणार होती. इक्बालच्या ऑफिसातला हैदराबादचा एक जण भावाच्या लग्नाला गेला तो नऊ महिने तिकडे अडकला. त्याची नोकरी गेली. वकील दर वेळी सांगायचे, जाऊ नका. मुकादमांची मुलगी सना शाळेत होती, तिचा व्हिसाही वडिलांच्या नोकरीवर होता.

"हे आईला कसं सांगू?" बाई मला एकदा म्हणाल्या. "ती म्हणेल, तुम्ही काय गुन्हा केलाय? मी काय सांगू, नाव असं आहे म्हणून?"

त्या एरवी याविषयी बोलायच्या नाहीत. अपवाद एक. २००३च्या मार्चमध्ये किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका माणसाने गाडीची काच खाली करून त्यांना ओरडून सांगितलं, घरी परत जा. मी आत रांगेत होते, त्या बाहेर गाडीजवळ उभ्या होत्या. मी आले तेव्हा त्या पिशव्या डिकीत लावत होत्या. अर्ध्या रस्त्यात म्हणाल्या, "मी त्याला म्हणणार होते, बाबा रे, परत यायची सोय कर, आज संध्याकाळी जाते. पण इंग्रजी वेळेवर आठवेना." आणि एवढ्या हसल्या की ओढणीची टाचणी निघाली. घरी आल्यावर त्यांनी तासभर दार उघडलं नाही. दूध माझ्याच फ्रिजमध्ये राहिलं.

२००४ साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला एका शाळेच्या सभागृहात होता. चंद्रदर्शनावरून त्या वर्षी इथल्या मशिदींत एकमत नव्हतं. एका मशिदीने शनिवारी ईद केली. मुकादम ज्या मशिदीत जायचे तिने रविवारी. त्या सकाळी मी वर गेले तेव्हा इक्बाल आणि सना नवे कपडे घालून, नमाज पढून परत आले होते. टेबलावर शीरखुर्मा होता. बाईंनी माझ्यासाठी वाटी भरली. स्वतः घेतली नाही.

फोन झाला. आई सांगत होती की आत्ताच खाडीवर चंद्र दिसला, सगळ्या बाया मागीलदारी उभ्या होत्या, उद्या ईद.

बाईंनी फोन ठेवला. इक्बाल दारात उभे होते.

"जुलेखा, तू आज रोजा धरलायस?"

बाईंनी मान डोलावली.

"महिनाभर तिकडच्या तारखेने धरतेस?"

"हो."

"ईदच्या दिवशी रोजा धरत नाहीत. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. मीच शिकवलंय सनाला."

"मग?"

"ती तिकडे एकटीच रोजा सोडते, अहो. मी तिच्याजवळ नाही. तिच्या तारखेला तरी असू दे."

सना सोफ्यावरून म्हणाली, "डॅड, लेट हर बी. प्लीज." इक्बाल यांनी जोडे काढले आणि आत गेले.

त्या दुपारी सभागृहात दोनशे माणसांचा फराळ वाटायचा होता. जुलेखाबाई चकल्यांच्या टेबलामागे होत्या. तीन ते साडेचार त्यांनी ताटल्या भरल्या. लोक आग्रह करत होते आणि त्या "नंतर घेते" म्हणत होत्या. गोखले काका म्हणाले, "बाई, तुमचीही ईद ना आज? मुबारक!" त्या म्हणाल्या, "तुम्हालाही, काका." नोव्हेंबरात शिकागोला सूर्य साडेचारला मावळतो. त्या वेळी त्यांनी घड्याळ पाहिलं, ओढणी सारखी केली, पर्समधल्या डबीतून खजूर काढून तोंडात टाकला आणि मग एक करंजी घेतली. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी मशिदीबरोबर रोजे धरले आणि मशिदीबरोबर ईद केली. त्या रमजानातल्या एका रविवारी फोनवर आईने विचारलं, "आज तुझा कितवा रोजा?" बाईंनी आईच्या हिशेबाने जो आकडा व्हायला हवा तो सांगितला. मी चहाचा कप विसळायला उठले.

२००७च्या दिवाळीनंतर आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणला ऑपरेशन झालं. भाऊ आखातातून आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. शेजारची बाई दोन वेळा येऊन जात होती. फोनवर आईचा आवाज लहान झाला होता. आता मला दुसरी बाजू ऐकू येत नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावरून तो प्रश्न आला हे कळायचं, आणि मग त्यांचं उत्तर ऐकू यायचं.

इक्बाल यांनी वकिलांना पुन्हा फोन केला. वकिलांनी पुन्हा तेच सांगितलं. सनाचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, मे महिन्यात पदवीदान. "फक्त मेपर्यंत," इक्बाल म्हणत होते. "मेपर्यंत थांब. मग काय ते बघू." ते वाईट मनाने बोलत नव्हते. त्या दिवसांत ते दर शनिवारी शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूला जाऊन बाईंना आवडते म्हणून सुकी मासळी शोधून आणत.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी शाळेत पत्रांचा दिवस होता. ईशा आता तेरा वर्षांची होती, वर्गात सर्वांत मोठी. मागच्या बाकावर मी वर्गणीच्या पावत्या लिहीत बसले होते. ईशाने लिहिता लिहिता वर पाहून विचारलं, "बाई, तुम्ही तुमच्या आईला काय लिहिता?"

"माझ्या आईला वाचता येत नाही."

"मग फोनवर सांगता? ती एक खरी गोष्ट?"

बाईंनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ईशा मला नंतर म्हणाली, "शी वॉज मॅड ॲट मी, आय थिंक." मी म्हटलं, तसं नसावं.

पुढच्या रविवारी मी साडेआठला वर गेले. चहा ओट्यावर तसाच होता. फोन सुरू झालेला होता. मासळीचं बोलणं झालं नाही. बाई उभ्या राहून बोलत होत्या, वर्गात बोलतात तशा, वाक्य पूर्ण करत.

"आई, ऐक. मला रजा नाही, कारण मला नोकरीच नाही. कधीच नव्हती. आमचे कागद अडकलेत. मी आले तर मला परत येऊ देतील की नाही, ठाऊक नाही. पोर इथे आहे. म्हणून येत नव्हते. आणि तीन वर्षं झाली, मी रोजे इथल्या तारखेने धरते. तुला खोटं सांगत होते."

मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. एकदा "नाही गो" म्हणाल्या. एकदा "कोण सांगतं असं?" म्हणाल्या. फोन ठेवला, टोपी घातली आणि खाली गाडीत येऊन बसल्या. शाळेचं वळण आलं.

"आई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, एवढंच होतं? मला सात वर्षं वाटत होतं, तुला यावंसं वाटत नाही."

गाडी पार्क केल्यावर पुढचं सांगितलं. "म्हणाली, मग येऊ नकोस. पोरीला सोडून येऊ नकोस. मला कळलं, पुरे झालं."

मंगळवारी त्यांनी तिकीट काढलं. स्वतः, इंटरनेटवर, सनाला शेजारी बसवून.

जायच्या आदल्या दिवशी मी बॅगांचं वजन करायला काटा घेऊन वर गेले. सना बॅगेत आजीसाठी पायमोजे भरत होती, एकसारखे बारा जोड.

"आई, व्हॉट इफ दे डोन्ट लेट यू बॅक?"

"मग तू ये."

"आय कान्ट. सेम प्रॉब्लेम. यू नो दॅट."

"मग मी तुला फोन करेन. रोज."

"रोज इज अ लॉट, आई."

"बरं, दिवसाआड."

सना पायमोजे तसेच ठेवून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. बाईंनी बॅग बंद केली. काट्यावर तेवीस किलो भरलं, नियमात. इक्बाल बाहेरच्या खोलीत प्रवासाच्या कागदांच्या झेरॉक्स प्रती लावत होते, तीन संच. विमानतळावर ते आणि सना गेले. मी गेले नाही.

मुंबईत मार्चमध्ये अमेरिकन वकिलातीत त्यांची मुलाखत झाली. तीन मिनिटं. पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक छापील कागद दिला, तपासणी पूर्ण झाल्यावर कळवू. एप्रिलमध्ये परतीचं तिकीट वाया गेलं. मे महिन्यात सनाच्या पदवीदानाला इक्बालशेजारच्या खुर्चीवर मी बसले. सनाने निळा झगा घातला होता. तिने व्यासपीठावरून उतरताना एक हात वर केला. कोणाला केला ते मला सांगता येणार नाही. मराठी शाळेत बाईंच्या जागी दुसऱ्या शिक्षिका आल्या. पत्रांचा दिवस बंद झाला. नव्या बाईंचं म्हणणं, ई-मेलच्या काळात मुलांना शाईने हात बरबटायला लावण्यात अर्थ नाही.

दिवाळीसाठी मी पुण्याला गेले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी करून त्यांच्या गावी गेले. रस्ता संपतो तिथून खाली उतरत जावं लागतं. घर चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे माड आणि त्यापलीकडे खाडी. जुलेखाबाई अंगणात सुकट निवडत होत्या. वजन कमी झालं होतं. मला पाहून त्या उठल्या, हात ओढणीला पुसले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "सनाला भेटून आलीस का?"

मी भेटून आले होते. सना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जात होती. राहत घरीच होती. ती भाकरी करायला शिकली होती, हे सांगितलं. इक्बाल त्या खातात, हेही सांगितलं. बाईंनी विचारलं, "फुगतात का?" मी म्हटलं, काही काही.

पासपोर्ट अजून वकिलातीतच होता. दर पंधरा दिवसांनी त्या दापोलीला जाऊन सायबर कॅफेतून ई-मेल पाठवत होत्या आणि तेच छापील उत्तर येत होतं. त्यांनी शेवटची उत्तरं छापून एका फायलीत ठेवली होती. मला दाखवली. फाईल मिटून त्या म्हणाल्या, "रोज संध्याकाळी इथे साडेसहा वाजले की मला वाटतं, सना आता उठली असेल. शाळेच्या दिवसांत तिचा गजर मीच बंद करायची. आता कोण करतं देव जाणे." मग त्या आत चहा टाकायला गेल्या.

आई पडवीत खाटेवर होत्या. एका डोळ्याने दिसत नव्हतं. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "तुम्ही हिच्या गावच्या का?"

"हो आई," बाई आतून म्हणाल्या. "माझ्या गावच्या."

आईंनी माझा हात सोडला नाही. "मग हिला घेऊन जायला आलात?"

मी त्यांच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला. आतून भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने बाई तीन कप घेऊन आल्या आणि आईच्या कपातला चहा बशीत ओतून फुंकर घालू लागल्या.

पाच वाजता मी निघाले. तेव्हा बाईंनी आईला खाटेवरून उठवलं होतं. डाव्या हाताखाली काठी, उजवीकडे स्वतः. रोज याच वेळी त्या आईला अंगणात चालवत. आदल्या दिवशी अठरा पावलं झाली होती. मी वरच्या वळणावर थांबून पाहिलं. त्या दिवशी आई एकवीस पावलं चालल्या.